प्रवासात गंभीर आजारी पडलात तर घरी कोण आणणार? निवृत्तांसाठी विमा कवचाची वाटचाल, पायरी पायरीने

निवृत्तीनंतर लांबच्या प्रवासाला निघताना बहुतेक जण प्रवास विमा घेतात तो व्हिसासाठी लागतो म्हणून, नाहीतर मुलांनी आग्रह धरला म्हणून. पॉलिसीच्या पहिल्या पानावर वैद्यकीय खर्चाचा भलाथोरला आकडा दिसला की जीव भांड्यात पडतो आणि उरलेली पानं कोणी उलटत नाही. पण परक्या ठिकाणी गंभीर आजारी पडल्यावर दोन वेगळे खर्च उभे राहतात. एक उपचारांचा, दुसरा पेशंटला हलवण्याचा. बेटावरून मोठ्या शहरात, जहाजावरून किनाऱ्यावर, तिथून घरी. एका खंडातून दुसऱ्या खंडात एअर अँब्युलन्सने आणायचं तर खर्च एक लाख अमेरिकी डॉलरच्या पुढेही जातो. हा लेख या दुसऱ्या खर्चाबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. हे कवच घेतलं म्हणजे तुमच्या नावाचं विमान कुठेतरी तयार उभं आहे असं नाही. न्यायचं की नाही, कुठे न्यायचं, कशातून न्यायचं, हे विमा कंपनीच्या सहाय्य केंद्रातले डॉक्टर ठरवतात. म्हणून पॉलिसी निवडताना रकमेइतकंच महत्त्व 'ठरवणार कोण आणि कशावरून' याला द्या.

पायरी १ : पॉलिसीत नेमकं काय काय आहे ते वेगळं करा

या कवचाचे तीन भाग असतात आणि तिन्ही एकाच पॉलिसीत असतीलच असं नाही. पहिला भाग इमर्जन्सी मेडिकल इव्हॅक्युएशन : जिथे आहात तिथे योग्य उपचार होत नसतील तर होतील अशा ठिकाणी हलवणं. दुसरा मेडिकल रिपॅट्रिएशन : प्रकृती स्थिरावल्यावर मायदेशी आणणं. तिसरा, मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणणं किंवा तिथेच अंत्यसंस्कार करणं. जाहिरातीत हे सगळं एकाच ओळीत कोंबलेलं असतं. पॉलिसीच्या मूळ कागदात मात्र प्रत्येकाची मर्यादा आणि अटी वेगळ्या सापडतात. माहितीपत्रकावर विसंबू नका, पूर्ण शब्दांकनाची पीडीएफ मागून घ्या.

पायरी २ : हातात आधीच काय आहे ते तपासा

घरच्या आरोग्य विम्यावर किंवा सरकारी योजनेवर परदेशात भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या ज्येष्ठांचं मेडिकेअर देशाबाहेरच्या उपचारांना सहसा पैसे देत नाही. युरोपीय देशांच्या नागरिकांकडे असलेल्या युरोपीय आरोग्य विमा कार्डावर दुसऱ्या सदस्य देशातल्या सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात, पण बचावकार्य आणि मायदेशी आणण्याचा खर्च त्यात येत नाही. जुन्या कंपनीने निवृत्तांना दिलेली सामूहिक पॉलिसी असेल तर ती देशाबाहेर चालते का, हे लेखी विचारा.

क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या फुकट विम्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यात बऱ्याचदा तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं लागतं, वयाची अट असते आणि आधीच्या आजारांना जागा नसते. असला तर वरखर्चाला उपयोगी. त्याच्या भरवशावर निघू नका.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या व्हिसासाठी, मात्र नियमच आहे : किमान ३०,००० युरोचं कवच, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या संपूर्ण काळात लागू असणारं, आणि त्यात वैद्यकीय कारणाने मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला. पण ही व्हिसा मिळण्यापुरती किमान रक्कम आहे. आयसीयूचं बिल आणि वर एअर अँब्युलन्स एवढ्यात बसेल असं समजू नका.

पायरी ३ : ही तीन वाक्यं शोधून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पॉलिसीचा कागद चाळीस पानांचा असो की ऐंशी, भवितव्य ठरतं ते दोन-तीन वाक्यांवर.

पहिलं वाक्य 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' या शब्दांभोवती फिरतं. म्हणजे तुम्हाला घरी जावंसं वाटतं, भाषा कळत नाही, मुलं जवळ नाहीत, हे कारण पुरत नाही. आहात तिथे पुरेसे उपचार होत असतील तर कंपनी हलवायला बांधील नाही.

दुसरं वाक्य 'जवळच्या योग्य रुग्णालयात' असं असतं. इथेच पहिल्यांदा विमा घेणाऱ्यांची फसगत होते. समजा एका छोट्या बेटावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. तिथे अस्थिरोगतज्ज्ञ नाही. कंपनी तुम्हाला हलवेल, पण कदाचित शेजारच्या देशातल्या मोठ्या शहरात, कारण योग्य शस्त्रक्रिया होणारं सगळ्यात जवळचं ठिकाण ते. शस्त्रक्रिया तिथे होईल, टाके तिथे काढतील, आणि मग सहाय्य केंद्राचे डॉक्टर म्हणतील की आता हे साध्या विमानाने, जास्त जागेच्या सीटवर, सोबत नर्स देऊन घरी जाऊ शकतात. वैद्यकीयदृष्ट्या यात काही चूक नाही. फक्त जो माणूस 'मला थेट माझ्या डॉक्टरांकडे नेतील' असं गृहीत धरून बसलाय, त्याला हा मधला काळ फार जड जातो. काही पॉलिसींत आणि बऱ्याच सदस्यत्व योजनांत 'पेशंटच्या पसंतीचं रुग्णालय' अशी सोय असते. ती हवी असेल तर जादा पैसे मोजावे लागतात. प्रकृती नाजूक असेल, ठरलेल्या तज्ज्ञाकडे वर्षानुवर्षं उपचार चालू असतील, तर ते मोजावेत असं मला वाटतं.

तिसरं वाक्य पूर्वपरवानगीचं. 'सहाय्य केंद्राने आखलेल्या आणि मंजूर केलेल्या वाहतुकीचाच खर्च मिळेल' अशा अर्थाचं काहीतरी असतंच. घाबरून जाऊन नातेवाइकांनी परस्पर एअर अँब्युलन्स बोलावली, तर ते बिल बहुधा तुमच्याच गळ्यात पडतं. अपघातस्थळापासून पहिल्या रुग्णालयापर्यंतची स्थानिक अँब्युलन्स मात्र आधी बोलवायची आणि मग फोन करायचा. जीव धोक्यात असताना परवानगीची वाट पाहायची नसते, आणि तसं कोणी अपेक्षितही धरत नाही.

पायरी ४ : रक्कम वेगळी की एकत्र?

वाहतुकीची मर्यादा स्वतंत्र आहे की वैद्यकीय खर्चाच्या रकमेतूनच वळती होते, हे विचारा. एकत्र असेल तर दहा दिवसांच्या आयसीयूने ती संपवलेली असते आणि नेमकं हलवायच्या वेळी खातं रिकामं. शिवाय बिल चुकतं झाल्याशिवाय रुग्णालय पेशंटला सोडायला तयार होत नाही, असंही अनेक ठिकाणी घडतं. म्हणून वाहतुकीची रक्कम वेगळी असलेली पॉलिसी बरी. सोबत हेही पाहा : जोडीदाराच्या परतीच्या तिकिटाचं काय, मुलाला किंवा मुलीला तिकडे बोलावायचं तर भाडं मिळतं का, आणि दोन्ही टोकांच्या अँब्युलन्स धरल्या आहेत का. पलंगापासून पलंगापर्यंतची जबाबदारी घेणारी योजना हवी. विमानतळावर उतरवून मोकळी होणारी नको.

पायरी ५ : वय आणि आधीचे आजार

सत्तरीनंतर, आणि ऐंशीनंतर तर नक्कीच, पर्याय आटत जातात. काही कंपन्या पॉलिसी देतात, पण ठरावीक वयापुढे रकमेवर उपमर्यादा लावतात. पहिल्या पानावरचा मोठा आकडा तुमच्या वयाला लागू आहे का, हे कोष्टकात बोट ठेवून तपासा.

मधुमेह, रक्तदाब, स्टेंट, जुना पक्षाघात, सगळं लिहा. प्रीमियम वाढेल म्हणून गाळलेला आजार क्लेमच्या वेळी जुन्या केसपेपरवरून बाहेर येतोच. उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडून कंपनी तुमचा पूर्वेतिहास मागवते, आणि आयसीयूत पहिला प्रश्न 'गोळ्या कोणत्या चालू आहेत' हाच असतो.

बऱ्याच पॉलिसींत आजार 'स्थिर' असण्याची अट असते. म्हणजे विमा घेण्याआधीच्या ठरावीक काळात, उदाहरणार्थ ६० ते १८० दिवसांत, आजार बळावलेला नसावा, नवा उपचार सुरू झालेला नसावा. काही कंपन्यांच्या लेखी औषधाचा डोस बदलणं हाही बदलच. निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, तर कंपनीला कळवून लेखी उत्तर घ्या. प्रवासाची पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत विमा घेतला तर आधीच्या आजारांची अट शिथिल करणाऱ्या योजनाही काही देशांत मिळतात. तेव्हा तिकीट काढलं की विमा लगेच बघावा, शेवटच्या आठवड्यापर्यंत टांगता ठेवू नये.

डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलेलं असताना निघालात, किंवा उपचार घेण्यासाठीच निघालात, तर कवच बहुतेक ठिकाणी रद्दच समजा.

पायरी ६ : विमा की सदस्यत्व?

नुसत्या वाहतुकीसाठी वार्षिक सदस्यत्व देणाऱ्या संस्था असतात. स्वित्झर्लंडची रेगा ही हवाई बचाव संस्था १९५२ पासून काम करते. नैरोबीहून चालणारी आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स १९५७ पासून पूर्व आफ्रिकेतून पेशंट उचलते आणि पर्यटकांनाही तिचं सदस्यत्व घेता येतं. अशा संस्थांकडे विमानं, डॉक्टर आणि त्या भागाची माहिती असते, ही मोठी जमेची बाजू.

पण सदस्यत्व म्हणजे विमा नव्हे. रुग्णालयाचं बिल ते भरत नाही. रेगाचंच पाहा : वर्गणीदारांच्या मोहिमेचा खर्च इतर कुठून भरून निघत नसेल तर ती माफ करू शकते, पण तो तिच्या मर्जीचा भाग आहे, वर्गणीदाराचा कायदेशीर हक्क नाही. काही सदस्यत्वांत घरापासून किती अंतराबाहेर असायला हवं, एका वेळी किती दिवस बाहेर राहता येतं, वयोमर्यादा काय, अशा अटी असतात. बहुतेकांना चांगला प्रवास विमा पुरतो. वर्षातून अनेकदा, आणि तेही आडवाटेला, जाणाऱ्यांनी दोन्ही घ्यावं.

कुठलीही एअर अँब्युलन्स कंपनी पारखताना कॅम्ट्स किंवा युरामी यांची मान्यता आहे का ते विचारा. वैद्यकीय हवाई वाहतुकीची तपासणी करून मान्यता देणाऱ्या या संस्था आहेत.

पायरी ७ : तुम्ही जाता कुठे, राहता किती

क्रूझवर जाणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण गंभीर पेशंटला पुढच्या बंदरात उतरवलं जातं आणि जहाज निघून जातं. हेलिकॉप्टरचा पल्ला मर्यादित, त्यामुळे भर समुद्रात ते पोहोचेलच असं नाही. अंटार्क्टिकाच्या सफरी नेणाऱ्या बहुतेक कंपन्या इव्हॅक्युएशनचं कवच दाखवल्याशिवाय जहाजावर घेत नाहीत, ते याच कारणाने. डोंगराळ भागात जाणार असाल तर पॉलिसीत उंचीची मर्यादा शोधा. आणि 'शोध आणि बचाव' हा खर्च वैद्यकीय वाहतुकीत धरला जात नाही, तो वेगळा लिहिलेला असावा लागतो.

वार्षिक पॉलिसीत एका फेरीला दिवसांची मर्यादा असते : ३०, ४५, ६०, कधी ९०. मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी ही ओळ आधी वाचावी. मुक्काम वाढला तर मुदत संपायच्या आत वाढवून घ्या. संपल्यानंतर वाढ मिळत नाही, आणि मधल्या काळात आजार झाला असेल तर नव्या पॉलिसीत तो आधीचा आजार ठरतो.

पायरी ८ : निघण्यापूर्वीची एक पातळ फाइल

पॉलिसी क्रमांक, सहाय्य केंद्राचा परदेशातून लागणारा फोन नंबर (टोल फ्री नंबर बाहेरून बऱ्याचदा लागत नाही), औषधांची यादी मूळ रासायनिक नावांसह, ॲलर्जी, रक्तगट, शेवटचा ईसीजी, स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड, आणि घरच्या डॉक्टरांचा संपर्क. एवढंच. एक प्रत जोडीदाराच्या पर्समध्ये, एक घरच्यांच्या मोबाइलमध्ये. ज्याला हे सगळं माहीत आहे तोच बेशुद्ध आहे, अशी वेळ येते, म्हणून जोडीदाराला एकदा तो नंबर स्वतः लावून बघायला सांगा.

पायरी ९ : प्रत्यक्ष वेळ आली तर

पेशंट रुग्णालयात पोहोचला की सहाय्य केंद्राला फोन. पलीकडून विचारतील : पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, रुग्णालय, वॉर्ड आणि पलंग क्रमांक, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव, तुमचा परत फोन करण्याचा नंबर. फोन ठेवण्याआधी केस नंबर लिहून घ्या आणि पुढे प्रत्येक वेळी तोच सांगा. नंतर एक संमतीपत्र येईल, पेशंटची वैद्यकीय माहिती कंपनीला द्यायला हरकत नाही असं. त्यावर सही झाल्याशिवाय रुग्णालय तोंड उघडत नाही आणि सगळं तिथेच अडतं.

पुढचा अडथळा डॉक्टरांचा. सहाय्य केंद्राच्या डॉक्टरांना तिथल्या डॉक्टरांशी बोलायचं असतं, आणि दोन देशांच्या घड्याळांत ती गाठच पडत नाही. यावर उपाय म्हणजे सकाळच्या राउंडला वॉर्डात हजर राहा आणि डॉक्टरांना एका पानावर लिहून द्यायला सांगा : निदान, आजची स्थिती, चालू औषधं, ऑक्सिजन किती लागतो, आणि इथे कोणती सोय नाही. त्याचा फोटो काढून लगेच पाठवा.

त्यातला शेवटचा मुद्दा कळीचा. 'पेशंटला घरी नेलेलं बरं' या वाक्याने काही हलत नाही. 'न्यूरोसर्जन उपलब्ध नाही', 'डायलिसिसची सोय नाही', असं लिहिलं असेल तर आवश्यकता सिद्ध होते. कंपनीने नकार दिला तर कारण लेखी मागा आणि हेच पान पुढे करून फेरविचार करायला सांगा.

दरम्यान घरच्यांनी इकडे एक काम करावं. ज्या रुग्णालयात आणायचं आहे तिथे पलंग आणि दाखल करून घेणारा डॉक्टर पक्का करावा. पलंग पक्का झाल्याशिवाय विमान उडत नाही. पेशंटचा आणि सोबत्याचा पासपोर्ट हाताशी असू द्या, तिसऱ्या देशात हलवायचं तर व्हिसाचा प्रश्न येतो.

पायरी १० : नेतात कसं

सगळ्यांनाच एअर अँब्युलन्स लागत नाही. बसू शकणाऱ्याला साध्या विमानात वरच्या वर्गाची सीट आणि सोबत नर्स किंवा डॉक्टर. बसता न येणाऱ्याला प्रवासी विमानातलं स्ट्रेचर : मागच्या रांगांतल्या सीट दुमडून त्यांच्यावर स्ट्रेचर बसवतात, भोवती पडदा लावतात आणि साधारण सहा ते नऊ सीटचं भाडं आकारतात. सोबत वैद्यकीय माणूस लागतोच. याला दोन-तीन दिवस आधी कळवावं लागतं आणि सगळ्या विमान कंपन्या ही सोय देत नाहीत. विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाची मंजुरी मेडिफ नावाच्या फॉर्मवर घेतात. त्यातला वैद्यकीय भाग उपचार करणारे डॉक्टर भरतात.

अतिगंभीर पेशंटसाठी एअर अँब्युलन्स, म्हणजे आयसीयूची साधनं बसवलेलं छोटं जेट. त्याचा पल्ला कमी, म्हणून लांबच्या प्रवासात इंधनासाठी थांबे घ्यावे लागतात.

'इतके दिवस का थांबवलंय' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हवेच्या दाबात असतं. प्रवासी विमानात आतला दाब सुमारे ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो. तिथे ऑक्सिजन कमी मिळतो आणि शरीरात अडकलेली हवा सुमारे ३० टक्क्यांनी फुगते. फुफ्फुसाभोवती हवा साठलेल्याला म्हणून विमानात घेत नाहीत. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १० दिवस थांबवतात. गुंतागुंत नसलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर ७ ते १० दिवस. नवीन प्लास्टर घातल्यावर दोन तासांच्या आतल्या प्रवासाला २४ तास, लांबच्या प्रवासाला ४८ तास. एअर अँब्युलन्स कमी उंचीवरून उडून आतला दाब जमिनीइतका ठेवू शकते, पण इंधन आणि थांबे दोन्ही वाढतात.

पायरी ११ : मृत्यू झाला तर

बोलायला नको वाटतं, पण जोडीदाराला हे माहीत असावं. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं (पार्थिव टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचं) प्रमाणपत्र, वकिलातीचं ना हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट असे कागद लागतात. सहाय्य केंद्र हे सगळं करतं, मात्र त्याला पहिल्याच दिवशी कळवायला हवं. स्थानिक अंत्यसंस्कार करून अस्थी आणण्याचा पर्यायही पॉलिसीत असतो. तुमची इच्छा काय, हे निघण्यापूर्वी घरात एकदा बोलून ठेवा.

पायरी १२ : क्लेम

कॅशलेस झालं तरी किरकोळ पावत्या तुमच्याकडेच राहतात. टॅक्सी, औषधं, जोडीदाराचा हॉटेलचा मुक्काम, सगळ्याच्या मूळ पावत्या, डिस्चार्ज समरी, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के ठेवा. डिस्चार्ज समरी परक्या भाषेत असेल तर रुग्णालयातून निघण्याआधीच इंग्रजीतून मागा, नंतर पत्रव्यवहारात महिने जातात. कळवण्याची आणि कागद देण्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा, आणि तिथे समाधान झालं नाही तर ज्या देशात पॉलिसी घेतली तिथल्या विमा लोकपालाकडे किंवा तत्सम यंत्रणेकडे. फोनवर झालेल्या प्रत्येक बोलण्याची तारीख, वेळ आणि पलीकडच्या माणसाचं नाव वहीत टिपलेलं असेल तर तक्रार लिहायला सोपी जाते.